साडी-गार्डाचे गुण

परीक्षक होण्यासाठी त्या विषयातले ज्ञान लागते, हा गैरसमज ज्यांनी पसरवला त्यांनी आमचे खोपट पाहिलेले नाही. रांगोळी, पाककृती, मातीचे किल्ले आणि बालगायन या चारही विषयांत मी आजवर निकाल दिले आहेत आणि त्यांपैकी एकही गोष्ट मला येत नाही. तेव्हा गेल्या वर्षी गणपती उठल्यावर तरुण मंडळी घरी आली आणि ‘जुन्या मोटारसायकली सजवून प्रदर्शन भरवतो आहोत, परीक्षक तुम्हीच,’ म्हणाली, तेव्हा मी सवयीने होकार दिला. नंतर कळले की स्पर्धेतली एक गाडी आमच्याच घरातली आहे. एसटी आगाराजवळचे एक गॅरेजवाले मिस्त्री दुसरे परीक्षक होते. घरच्या गाडीला गुण त्यांनी द्यावेत, मी नुसती सही करावी, असे ठरले.

ती गाडी म्हणजे आमच्या दादाची जावा. दादा वागळे इस्टेटीत नोकरीला होता. १९७४ साली त्याने ती सेकंडहँड घेतली. झेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीच्या परवान्याने १९६१ पासून म्हैसूरला या गाड्या बनत. पुढे त्याच कारखान्यातून त्या येझदी नावाने निघू लागल्या आणि १९९६ मध्ये कारखानाच बंद पडला. अडीचशे सीसीचे इंजिन, दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर, टाकीला गुडघे टेकायला रबर, साखळी पूर्ण झाकलेली, आणि किक मारायचा दांडा तोच गिअर टाकायचा! त्या गाडीवर दळणाचे डबे आले, दोन मुले शाळेत गेली, आणि १९७८ साली गडकरी रंगायतन उघडल्यावर वहिनी मागे एका बाजूला पाय सोडून नाटकाला जाऊ लागल्या. दिवाळीच्या पहाटे दादा त्यांना कौपिनेश्वराला नेई. तेव्हा अभ्यंगस्नानाच्या तेलाच्या वासात पेट्रोलचा वास मिसळे आणि आम्ही सारे जागे होत असू.

दादा गेला आणि गाडी जिन्याखाली उभी राहिली. पुतण्याने पाच-पाच वर्षांनी तिची नोंदणी तेवढी नवी करून घेतली, पण चालवली नाही. मग त्याचा मुलगा, म्हणजे वहिनींचा नातू, इंजिनिअर झाला आणि त्याच्या अंगात विश्वकर्मा संचारला.

मंडळी, या छंदाला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. मुंबईचे अक्षय वर्दे बुलेटसारख्या गाड्यांना नवे रूप देऊन ‘वर्देंची’ या अस्सल मराठी षष्ठीच्या नावाने प्रसिद्धीला आले. ही कारागिरीच आहे. आमच्या नातवानेही आठ महिने रात्रीचे दिवस केले. काळ्या रंगावर सोनेरी रेघ त्याने स्वतःच्या हाताने ओढली होती आणि ती पाहून माझ्यासारख्या अडाण्याचाही श्वास अडला. पुढचा फोर्क लांब करून बाहेर झुकवलेला, मागचे टायर जाडजूड, टाकी शेंगदाण्याएवढी, सायलेन्सर वीतभर, आणि बसायला एकाच माणसाची चामड्याची गादी. मडगार्ड, चेनकव्हर, मागचे पायटेकू आणि साडी-गार्ड यांना नारळ मिळाला होता. मूळ सांगाडा मात्र त्याने कापला नव्हता, हे त्यातल्या त्यात बरे.

प्रदर्शनाच्या दिवशी ही जावा टेम्पोतून आली. तिच्या शेजारी एक राजदूत उभी राहिली. ती कल्याणहून दुर्गाडीचा पूल, भिवंडी, कशेळी असा रस्ता तुडवत स्वतःच्या चाकांवर आली होती. मालक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी गाडीत केलेले बदल दिसतच नव्हते. दिव्याचा उजेड वाढवला होता, ब्रेकचे अस्तर नवे केले होते, मागच्या माणसाला धरायला कडी लावली होती. गाडीवर भिवंडीची धूळ होती आणि ती पुसायचे त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

आमच्या हाती गुणपत्रिका आली. रूपाला ५०, रंगकामाला ३०, कल्पकतेला २०. मी कागद उलटून पाहिला. गाडी चालते की नाही याला मागल्या बाजूलाही गुण नव्हता. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले, मी मिस्त्रींकडे पाहिले. पण नियम छापलेले होते आणि ऐन वेळी नियम बदलणे हा अन्याय झाला असता. जावाला पहिले बक्षीस मिळाले. राजदूतला टाळ्या मिळाल्या. मी सही केली.

बक्षीस समारंभाला वहिनी आल्या होत्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवरून हात फिरवला आणि नातवाला म्हणाल्या, “छान केलीस हो. पण मी बसायचं कुठं रे?”

नातू हसला. “आजी, ही सोलो सीट असते. स्टाइलच ती!”

“असं का,” वहिनी म्हणाल्या आणि पुढे काही बोलल्या नाहीत. त्यांचे हे ‘असं का’ मी पन्नास वर्षे ओळखतो.

मग मिस्त्री म्हणाले, “बाळा, बक्षीस तुझंच. आता जरा चालवून दाखव.” मैदानात खडूने दोन रेघा ओढल्या, आमच्या गल्लीच्या रुंदीच्या. त्यात चालत्या माणसाच्या वेगाने गाडी वळवायची होती. चौथ्या किकेला जावा सुरू झाली आणि आवाजाने दोन तान्ही मुले रडू लागली. वळण घेताना हँडल एका बाजूला कोसळल्यासारखे गेले. नातवाने पाय टेकला, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा पाय टेकला. तिसऱ्या वेळी तो लाल झाला आणि त्याने इंजिन बंद केले.

मिस्त्रींनी मला समजावले ते असे. फोर्क लांब आणि तिरका झाला की पुढचे चाक लांब जाते. सरळ रस्त्यावर गाडी ऐटीत धावते, पण हळू वळताना हँडल जड होऊन एका अंगाला पडते आणि वळायला मैदान लागते. या दोन-स्ट्रोक इंजिनात धुराची नळी आणि सायलेन्सर म्हणजे इंजिनाचाच भाग. ते कापले की आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. उघड्या साखळीवर पावसातला चिखल बसतो, आणि मडगार्ड नसेल तर तोच चिखल चालवणाऱ्याच्या पाठीवर नक्षी काढतो. “साहेब,” मिस्त्री म्हणाले, “कंपनीने या वस्तू उगाच नव्हत्या लावल्या.”

घरी येऊन मी थोडे वाचन केले. साडी-गार्ड ही आपल्याला गावंढळ वाटणारी जाळी, पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तिला जागा आहे. मागे बसणाऱ्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला आधार हवा, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचे चाक निदान अर्धे झाकलेले हवे, असे तो नियम सांगतो. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा असा फेरफार वाहनात करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये स्पष्ट केले. दुसऱ्या टोकाला २०२१ चे नियम आहेत. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, पण मग ती प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची; रोजच्या वापराला नाही. म्हणजे नटवली तर कायदा अडवतो आणि देव्हाऱ्यात बसवली तर भाजी आणायची सोय जाते!

यातून वाट कशी काढावी हे कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लोकांनी आपल्यापुरते शोधले आहे. तिथे १९५० पासून जुन्या मोटारींची सौंदर्यस्पर्धा भरते. १९९८ पासून त्यांनी स्पर्धेआधी रस्त्यावरची एक फेरी सुरू केली, आणि एखाद्या गटात दोन मोटारींचे गुण सारखे झाले तर जिने ती फेरी पुरी केली तिला झुकते माप मिळते. सौंदर्याला कमीपणा न आणता चालण्याला मान देण्याची ही रीत मला पटली. खरे म्हणजे दादाची जावा आम्हाला देखणी वाटे ती याचसाठी. साखळी झाकली होती ती चिखलासाठी, टाकीला रबर होते ते गुडघ्यांसाठी. आणि दोन्ही मिळून तिला रूप आले होते.

हे सगळे मी नातवाला सांगितले नाही. तो महिनाभर माझ्याशी बोललाच नाही. बक्षिसाच्या कागदावर माझी सही होती, तरी मैदानातल्या फजितीचा राग माझ्यावरच निघाला. मलाही वाईट वाटत होते. आठ महिन्यांच्या मेहनतीला आपण खोटे बोलून मोठे केले, की खरे दाखवून लहान केले, हे मला ठरवता येईना.

दिवाळीला आठवडा उरला असता तो वहिनींकडे आला. मी तिथेच चहा घेत होतो.

“आजी, ते साडी-गार्ड मी भंगारात दिलं नव्हतं ना?”

“दिलं होतंस. मी परत आणलं,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी गॅलरीकडे बोट दाखवले. कुंडीत उभ्या केलेल्या त्या जाळीवर गोकर्णीचा वेल चढला होता.

त्याने एकेक तंतू सोडवला. वेल दोरीवर चढवून दिला. जाताना मला म्हणाला, “आजोबा, मूळ फोर्क, सीट, सायलेन्सर, सगळं पोत्यात ठेवलेलं आहे. नुसता रंग तेवढा माझा ठेवू ना?”

“तो ठेवच,” मी म्हटले. “त्याला मी तिसांपैकी तीस देतो.”

नरकचतुर्दशीला पहाटे, तलावपाळीवर गर्दी व्हायच्या आत, खाली ओळखीचा आवाज झाला. मी खिडकीत गेलो. सोनेरी रेघेची जावा उभी होती, मागच्या चाकाला जाळी होती, आणि वहिनी नव्या लुगड्यावर हेल्मेट चढवून, दादाला सांगत तसेच नातवाला सांगत होत्या, “हळू घे हो, वळणावर.”

या वर्षीच्या प्रदर्शनाची गुणपत्रिका मंडळींनी मला लिहायला दिली आहे. रूपाला चाळीस आणि रंगकामाला वीस ठेवले आहेत. बाकीचे चाळीस गुण घरातले एक माणूस मागे बसवून, गल्लीच्या रुंदीत गाडी वळवून दाखवल्यावर. आणि ते गुण परीक्षकांनी द्यायचे नाहीत, मागे बसलेल्याने द्यायचे.