गुडघे टेकलेला माणूस



आपल्यातल्या काही कवींना ग्रीक वीरांचा भारी सोस. गटारात उतरणाऱ्या बापाला ते हर्क्युलस म्हणतात आणि टाळ्या घेतात. आधी त्या हर्क्युलसचा हिशेब तरी वाचा.

राजा युरिस्थियसनं त्याला कामं लावली. ठरली १०, भरली १२. का? अपोलोडोरसच्या ग्रंथात कारण आहे. हायड्रा मारताना पुतण्याची मदत घेतली म्हणून एक काम बाद. ऑजियसचा गोठा साफ करताना मजुरी ठरवली म्हणून दुसरं बाद. एका दिवसात सगळं शेण काढायचं, बदल्यात गुरांचा दहावा हिस्सा. यानं आल्फियस आणि पेनियस या दोन नद्या वळवून गोठ्यातून काढल्या. काम झालं. ऑजियसनं मजुरी बुडवली. त्याच्या पोटच्या पोरानं खरी साक्ष दिली, तर त्यालाही हाकलून दिलं.

आता वर बघा. मारलेला सिंह आभाळात आहे. बाद ठरलेली हायड्रासुद्धा आहे, आपण तिला वासुकी म्हणतो. पायाला चावलेला खेकडा आहे, तो कर्क. गोठा कुठाय? खोरं कुठाय, पाटी कुठाय? मारलं त्याला तारे, साफ केलं त्याला काय नाय!

आणि खुद्द हर्क्युलस? मे महिन्यात रात्री स्वाती आणि अभिजितच्या मधे सापडतो. पण ती जागा मुळात त्याची नव्हतीच. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात अराटस नावाच्या ग्रीक कवीनं तिथं एक कष्ट उपसणारा माणूस सांगितला. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, कुठल्या कामात पिचतोय तेही ठाऊक नाही. लोक त्याला नुसतं 'गुडघे टेकलेला' म्हणत. नंतरच्यांनी त्या बिननावाच्या कष्टकऱ्यावर झ्यूसच्या पोराचं नाव चिकटवलं. मराठी नकाशांनी त्याला 'शौरी' केलं. शूर नसेल तर आभाळातही जागा नाय काय?

गड्यांनो, हर्क्युलस एक दिवस गोठ्यात गेला आणि मेल्यावर देव झाला. आपला माणूस रोज उतरतो. २०१३ च्या कायद्यानं हातानं मैला उपसायला बंदी आहे, तरी माणसं गटारात गुदमरून मरतात. त्यांना वीर म्हटलं की कंत्राटदार सुटला. वीराला पगार लागत नाही, मास्क लागत नाही, नुकसानभरपाई लागत नाही. हार घातला की झालं!

बापाला हर्क्युलस करू नका. कवितेत त्याचं नाव लिहा, काम लिहा, बुडवलेला पगार आकड्यात लिहा. पहिलं त्याला गुडघ्यावरून उठवा. ताऱ्यांचं मग बघू.