चिपची पिढी बदलते, गरज कोणाची मोजतात?

अंजूरफाट्यावर कंटेनरच्या रांगा लागतात. मानकोली, दापोडे, वळ या पट्ट्यातल्या गोदामांतून जो माल हलतो, त्यात नव्याकोऱ्या लॅपटॉपची खोकीही असतात. ती उचलणारी पोरं आपल्याच वस्त्यांतली. त्यांच्या घरी धाकट्या भावंडांचा अभ्यास मात्र कुठल्यातरी ऑफिसने टाकून दिलेल्या, सहाव्या-सातव्या जनरेशनच्या सेकंडहँड लॅपटॉपवर चालतो. त्यामुळे चिपची नवी पिढी कोणाच्या गरजेसाठी येते, हा प्रश्न आम्हाला नुसता तांत्रिक वाटत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला इंटेलची साधारणपणे आठवी जनरेशन, म्हणजे २०१७ नंतरची चिप लागते. मशीन चालू आहे, कीबोर्ड चालू आहे, पण कंपनीच्या लेखी ते बाद! कारण दिलं सुरक्षेचं. ते खोटं नाही. पण सुरक्षेची किंमत ठरवताना ज्या खिशाचा विचार झाला, तो आपला नव्हता.

आता आपली कामं बघू. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, एमपीएससीच्या पीडीएफ आणि व्हिडिओ, मराठी ३० च्या टायपिंगचा सराव. यातल्या एकाही कामाला यंदाची चिप लागत नाही. जुन्या मशीनची हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली, रॅम ८ जीबी केली, तर ते कामाला येतं. विंडोज ११ जात नसेल तर लिनक्स मिंट आहे. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघावं, प्रिंटर आणि वायफाय लागतात का ते तपासावं, मगच जुनं पुसावं.

पण इथेच थांबलो तर घात होईल. 'तुमच्या पोरांना जुनं चालतं' हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. जुने कपडे, उरलेलं अन्न, आता उतरलेली चिप. आपली मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिला थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर चालवायचं आहे. जयंतीच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण एडिट करणारा कार्यकर्ता आहे. त्याचा चार तासांचा रेंडर नवी चिप बराच कमी करते, कारण व्हिडिओचं काम करणारा वेगळा भाग तिच्यात सुधारलेला असतो. त्यांना नवं लागतं, आणि ते मागायला लाज कसली? गरज कामावरून ठरते, जातीवरून किंवा ऐपतीवरून नाही.

दुकानदार मात्र आकडा दाखवतो. आकड्यावर जाऊ नका. रायझन ५ ७५२०यू हे नाव २०२२ सालच्या चिपचं, पण आतली रचना २०१९ ची झेन २. इंटेलची डेस्कटॉपची चौदावी जनरेशन बरीचशी तेराव्याचीच पुढची आवृत्ती. आणि 'एआय लॅपटॉप' म्हणून जे विकलं जातं, त्यातल्या एआयच्या खास भागाला अर्ज भरताना काहीच काम नसतं.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये गांधीवादाला उत्तर देताना यंत्राची बाजू घेतली होती. त्यांचं म्हणणं असं, की दोष यंत्रात नाही, त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेत आहे. चिपलाही हे लागू पडतं. वापरणाऱ्याची गरज आधी धरून तंत्रज्ञान बनल्याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. आयआयटी कानपूरमध्ये तयार झालेलं जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्याच्या सी-डॅककडे आलं. त्याचं कार्ड बसवलं की इंग्रजीसाठी बनलेल्या संगणकावर मराठी उमटायची. ही गरज बाजाराने नाही, सार्वजनिक संस्थांनी ओळखली.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. हा पैसा बहुतेक ठिकाणी पेव्हर ब्लॉकखाली जातो. पुढच्या ग्रामसभेत अभ्यासिकेसाठी संगणक मागा. 'पाच संगणक' एवढंच लिहिलंत तर ठेकेदार गोदामात पडून राहिलेला माल आणून टाकेल. अर्जातच लिहा: चार मशीन अभ्यासासाठी, ८ जीबी रॅम आणि एसएसडीची, एक एडिटिंग आणि डिझाइनसाठी, १६ जीबी रॅम आणि वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची, आणि पाचही मशीनची रॅम पुढे वाढवता येईल अशी.