युरोपचे हरित उपदेश आणि पंचगंगेचे दूषित पाणी

नृसिंहवाडीला दत्तदर्शनासाठी येणारा भाविक कृष्णा-पंचगंगेच्या संगमात स्नान करतो आणि पुण्यसंचयाचे समाधान घेऊन परततो. त्या संगमापर्यंत पोहोचताना पंचगंगेला काय काय पोटात घ्यावे लागले, हे ध्यानात आले तर पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी तो क्षणभर थबकेल. कोल्हापूर शहराचे सांडपाणी, इचलकरंजीच्या वस्त्रप्रक्रिया उद्योगातील रसायने, साखर कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी आणि उसाच्या फडांतून निथळलेली खते, असा नैवेद्य या नदीला वर्षानुवर्षे वाहिला जात आहे. २०१२ साली दूषित पाण्यातून पसरलेल्या काविळीने इचलकरंजीत माणसे दगावली. तेवढ्यापुरती ओरड झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पुन्हा पसरला.

अशा वेळी आपल्याकडील एक विद्वत्वर्ग हमखास युरोपचा दाखला काढतो. तेथील शेतकरी कसा पर्यावरणाचा रक्षक झाला आहे आणि आपला ऊस उत्पादक कसा पाण्याचा उधळ्या आहे, हे परिसंवादांतून ऐकवले जाते. मात्र हा दाखला अर्धाच वाचून दाखवण्याची त्याची खोड आहे.

नासवायलाही पैसा, सुधारायलाही पैसा

दुसऱ्या महायुद्धातील उपासमारीची धास्ती घेतलेल्या युरोपने १९५७ च्या रोम कराराने सामायिक कृषी धोरणाचा पाया घातला आणि १९६२ पासून ते अमलात आणले. शेतमालाला हमखास भाव आणि बाहेरच्या मालाला जकातीची भिंत, हे त्याचे सूत्र होते. परिणामी लोण्याचे डोंगर उभे राहिले, मद्याची तळी साचली. १९८० च्या दशकात युरोपीय समुदायाच्या अंदाजपत्रकाचा सुमारे दोन-तृतीयांश हिस्सा या एकाच धोरणावर खर्च होत होता. अधिक पिकवा, अधिक ओता, अधिक घ्या, या मंत्राने भूमीचे काय केले, ते फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावर दिसते. वराहपालन आणि खतांतील नत्र ओढ्यानाल्यांतून समुद्रात उतरले आणि किनाऱ्यावर हिरव्या शेवाळाचे सडणारे थर साचू लागले. ब्रिटनीचे शेवाळ आणि पंचगंगेची जलपर्णी यांचे पोषण एकाच द्रव्यावर होते.

चूक उमगल्यावर युरोपने १९९१ साली नायट्रेटविषयक निर्बंध आणले. शेणखतातून जमिनीत जाणाऱ्या नत्राला वर्षाकाठी हेक्टरी १७० किलोंची मर्यादा घातली. पण त्याबरोबर शेतकऱ्याच्या हातावर पैसाही ठेवला. २०२१ ते २०२७ या काळासाठी कृषी धोरणावर सुमारे ३८७ अब्ज युरो, म्हणजे युरोपीय संघाच्या अंदाजपत्रकाचा जवळजवळ एक-तृतीयांश हिस्सा राखून ठेवलेला आहे. भूमी नासवताना तिजोरी उघडी होती आणि ती सुधारतानाही उघडीच आहे. आपल्या शेतकऱ्याला उपदेश करणाऱ्यांच्या भाषणात हे आकडे का येत नाहीत?

दोन मापे

बीट साखरेला जागतिक दराच्या कितीतरी पट भाव देऊन युरोपने वाढीव साखर अनुदानाच्या बळावर जगाच्या बाजारात ओतली. जागतिक व्यापार संघटनेने २००५ साली त्याविरुद्ध निकाल दिला, तेव्हा कुठे तेथे सुधारणा झाल्या. तोवर युरोपचे साखर उद्योग पुरेसे गबर झाले होते. २०२१ साली त्याच संघटनेच्या मंचाने ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारीवरून भारताच्या ऊसदराच्या पद्धतीवर ठपका ठेवला. त्याविरुद्ध भारताला अपिलात जावे लागले. शिडीवरून वर पोहोचलेल्यांनी मागून येणाऱ्यांची शिडी काढून घ्यावी, असा हा न्याय आहे.

कीटकनाशकांचेही तेच. २०१० साली महाराष्ट्रातील द्राक्षे एका रसायनाच्या अंशापायी युरोपच्या बंदरांत अडवली गेली. ग्राहकाच्या आरोग्याची ही दक्षता स्तुत्यच आहे. परंतु ज्या पॅराक्वाट तणनाशकाच्या वापरावर युरोपने २००७ साली आपल्या भूमीत बंदी घातली, ते त्याच खंडातील कारखान्यांत तयार होऊन परदेशी विकले जात राहिले. विष स्वतःच्या शेतात नको, दुसऱ्याच्या शेतात चालेल, या वृत्तीला पर्यावरणप्रेम म्हणता येत नाही.

आणि ज्या हरित धोरणाचे गोडवे गायले जातात, त्याचे घरी काय झाले? रासायनिक कीटकनाशकांचा वापर २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा संकल्प युरोपीय आयोगाने २०२० साली सोडला. २०२४ च्या फेब्रुवारीत शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर ब्रुसेल्समध्ये संसदेच्या दारात येऊन थडकले आणि त्याच महिन्यात आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायेन यांना त्यासंबंधीचा कायद्याचा प्रस्ताव मागे घ्यावा लागला. शेतकऱ्याला विश्वासात न घेता कार्यालयात बसून लिहिलेले नियम इतके पैसे ओतूनही टिकले नाहीत. मग ते पैशावाचून येथे कसे टिकतील?

शिरोळच्या मातीतले उत्तर

याचा अर्थ कोल्हापूरने हात झटकावेत, असा नव्हे. शिरोळ तालुक्यात अतिरिक्त पाणी आणि रासायनिक खते यांच्या माऱ्याने हजारो एकर जमीन क्षारपड झाली. वर मिठासारखा पांढरा थर, खाली पाणथळ, आणि उसाचा कोंबही धरेना अशी तिची स्थिती झाली. दोष शेतकऱ्याच्या लोभावर टाकणे सोपे आहे. परंतु उसाला कायद्याने ठरलेला दर, युरियाला अनुदान, पंपाला सवलतीची वीज, आणि ज्वारी-कडधान्याला मात्र बाजाराचा लहरी भाव, ही व्यवस्था कोणी उभी केली? धोरणाने उसाकडे ढकलायचे आणि पर्यावरणाच्या नावाने उसासाठी झोडपायचे, हा कोठला न्याय?

याच शिरोळात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी भूमिगत सच्छिद्र नळ्या टाकून क्षारयुक्त पाण्याचा निचरा केला आणि पडीक रानात पुन्हा पीक उभे केले. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. एकाच्या शेतातून निचरलेले पाणी शेजाऱ्यांच्या बांधांखालून ओढ्यापर्यंत न्यावे लागते, म्हणून साऱ्या शिवाराला एकत्र यावे लागते. युरोपात थेट अनुदानाचा सुमारे ८० टक्के पैसा २० टक्के बड्या शेतकऱ्यांकडे जातो, कारण तो क्षेत्राच्या मापाने वाटला जातो. दोन-तीन एकरांच्या धन्याला तारणारी शक्ती सहकारात आहे.

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपचा प्रवास करून आले. तेथील ज्ञानाचे त्यांना वावडे नव्हते. राधानगरीचे धरण बांधताना त्यांनी आधुनिक स्थापत्य स्वीकारले, पण कोल्हापूरच्या रयतेला काय हवे, याचा निर्णय कोल्हापुरात बसून केला. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९७९ साली भारतीय किसान संघाची स्थापना केली, त्यांची स्वदेशीची मांडणीही याच विवेकाची होती.

तोच विवेक आज हवा. युरियाच्या पोत्यावर खर्च होणाऱ्या अनुदानाचा एक वाटा निचरा, ठिबक आणि पाचट न जाळता कुजवणाऱ्या शेतकऱ्याकडे वळवावा. ज्वारी आणि कडधान्याच्या खरेदीची हमी उसाइतकीच पक्की असावी. आणि नदीत मैला सोडणारी नगरे व रसायने सोडणारे उद्योग यांना आधी जाब विचारावा, मग शेतकऱ्याकडे बोट दाखवावे. पंचगंगेला माता म्हणणाऱ्या समाजाने तिच्या शुद्धीसाठी ब्रुसेल्सच्या परिपत्रकाची वाट पाहणे शोभत नाही. मातेची सेवा घरच्यांनीच करायची असते.