पिढी विचारणारं मशीन

आमच्या नाशिकरोडच्या वस्तीत पाच पोरांचे पाच कॉम्प्युटर आहेत. सगळे सेकंडहॅण्ड. त्यांच्यावर फॉर्म भरले जातात, स्कॉलरशिपचे कागद चढवले जातात, रात्री कविता टाइप होतात.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा बंद केली. तारीख बघा. १९५६ साली याच तारखेला नागपुरात बाबासाहेबांनी जुना धर्म फेकला. पण तेव्हा फेकणारे आपण होतो. इथं आपल्यालाच फेकलंय.

विंडोज ११ फुकट आहे म्हणतात. आहेच. कुणाला? ज्याचा इंटेल प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा, ज्याच्याकडं टीपीएम २.० आहे, त्याला. सातव्या पिढीतले मोजके आत घेतलेत. मोजक्यांना आत घेण्याची युक्ती आपण ओळखतो. आमची मशिनं चौथ्या नि सहाव्या पिढीची. झकास चालतात. पण काम कोण बघतो, पिढी विचारतात! २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराच्या दारात दादासाहेब गायकवाडांची माणसं याच प्रश्नाशी भांडली.

दुकानदार म्हणाला, भंगारात घाला, नवीन घ्या. साला, भंगार शेवटी कुणाच्या दारात येऊन पडतं? तारा जाळून तांबं काढणारी पोरं कुठल्या वस्तीतली असतात?

आता लायसन. मशिनबरोबर आलेलं ओईएम लायसन त्या मशिनबरोबरच मरतं. वेगळं विकत घेतलेलं हलवता येतं, पण एका वेळी एकाच मशिनवर. पैसे देऊन आपण मालक होत नाही, कूळ होतो. कुळांना कूळकायद्यानं जमीन तरी मिळाली. आपल्यातल्या बहुतेकांना तीही नाही.

एक फट आहे. जादा सुरक्षेचं लायसन, मुदत १३ ऑक्टोबर २०२६, किंमत ३० डॉलरच्या आसपास. एका खात्यावर दहा घरगुती मशिनं चालतात. म्हणजे पाच जणांच्या किल्ल्या एकाच्या नावावर. हे आपसात आधी बोलून घ्या. पैसे नसतील तर सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्याकडं ठेवा, मग फुकट. रोख नाही तर वेठ. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज टाकला, तिथं ही बॅकअपची अट निघाली.

आपण काय केलं? क्रॅक मारला नि स्वतःला बंडखोर समजलो. हे चोरून पाणी पिणं झालं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर बाबासाहेब दिवसाढवळ्या गेले होते, हजारो माणसं घेऊन.

मी माझ्या मशिनवर लिनक्स टाकलंय. पाच काय, पन्नास मशिनांवर टाका, कॉपी काढा, वाटा; त्याचं लायसनच तशी मुभा देतं. केरळच्या सरकारी शाळा कैक वर्षं त्यावर शिकवतायत. खोटं बोलत नाही, मराठी टायपिंग बसवायला दोन रात्री गेल्या नि प्रिंटर अजून रुसलाय. उरलेली चार मशिनं रविवारी घेऊन या. आधी कविता नि कागद दुसरीकडं उतरवून ठेवा. पेनड्राइव्ह माझ्याकडं आहे.