शाळा सरकारची, मुलं आपली

मुसलमानांची मुलं मदरशातच शिकतात, ही थाप अजून किती वर्षं ऐकायची? शाळेच्या वयातली जेमतेम 3 टक्के मुस्लिम मुलं मदरशात जातात, हे सच्चर समितीने 2006 सालीच सांगितलं. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. 6 ते 14 वयातली 25 टक्के मुस्लिम मुलं शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधेच गळाली. त्यावर मात्र कुणी घसा कोरडा करत नाही, आमचे पुढारीही नाहीत.

मोहल्ल्यातल्या गरिबाला परवडते ती नगरपालिकेची नाहीतर जिल्हा परिषदेची शाळा. सरकारने 2023 साली 20पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा घाट घातला. अंतर वाढलं की आधी मुलगी घरी बसते. हे कळायला समिती लागत नाही.

पण आपण काय केलं? 2009च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक दिले, निम्म्या जागा बायकांना दिल्या. आमच्याकडे ही समिती म्हणजे घरोघर फिरणारी सह्यांची वही. मीही ती एकदा न वाचता सही करून परत दिली आहे. जलशाच्या मंडपाला वर्गणी निघते, शाळेचं छप्पर गळलं की ‘ते सरकारचं काम’! उर्दू शाळा वाचवा म्हणणाऱ्यांची स्वतःची नातवंडं कुठल्या माध्यमात आहेत, तेही एकदा विचारा.

पुढची सभा कधी आहे, शाळेत जाऊन विचारा. आणि सहीसाठी नव्हे, बोलण्यासाठी घरातल्या बाईला पाठवा.