झिओलाइट म्हणजे 'उकळणारा दगड': ऑक्सिजन मशीन बंद पडण्याचं कारण नावातच आहे

मागच्या पावसाळ्यात सवहून मामाचा फोन आला. "अरे, मशीन चालू होतंय, आवाज पण नेहमीसारखा येतोय. पण आईचा ऑक्सिमीटरचा आकडा काही वर सरकत नाही."

मशीन म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत वाडीला देणगीत मिळालेलं आणि नंतर चार पावसाळे कपाटात पडून राहिलेलं. मी विचारलं, "मामा, दिवा कुठल्या रंगाचा आहे?" तर म्हणाला पिवळा. म्हणजे वीज आहे, मोटर चालू आहे, फक्त बाहेर येणारी हवा पुरेशी शुद्ध नाही. आजीला त्याच रात्री महाडला हलवावं लागलं. ती सावरली, पण मशीनला काय झालं होतं हे समजून घ्यायला हवं. कारण असं कपाटात पडलेलं हे एकच मशीन नाही.

आत बिघडलं होतं ते झिओलाइट. मराठीत हा शब्द सहसा कानावर पडत नाही. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट नावाच्या खनिजतज्ज्ञाने एक खनिज ज्योतीत तापवलं, तर ते फसफसून उकळल्यासारखं दिसलं. म्हणून त्याने ग्रीक शब्द जोडून नाव ठेवलं: 'झिओ' म्हणजे उकळणे आणि 'लिथॉस' म्हणजे दगड. सवची माणसं गरम पाण्याच्या झऱ्यांशेजारी वाढलेली, त्यामुळे उकळणारा दगड म्हटलं की मामाला आधी तो झराच आठवला. पण इथे उलटं आहे. दगड पाण्यात नाही, पाणी दगडात आहे. झिओलाइटच्या रचनेत अतिसूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांत पाणी धरलेलं असतं. तापवलं की ते वाफ होऊन निघतं, दगडाचा सांगाडा मात्र तसाच राहतो. गार झाला की पुन्हा हवेतलं पाणी ओढायला तयार!

कॉन्सन्ट्रेटर याच पोकळ्यांवर चालतो. हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. झिओलाइटचे दाणे भरलेल्या नळकांड्यात दाबाने हवा सोडली की नायट्रोजन दाण्यांना धरून राहतो, ऑक्सिजन पुढे जातो. दाब काढला की नायट्रोजन सुटून बाहेर. दोन नळकांडी आळीपाळीने हेच करत राहतात आणि रुग्णाला ९० ते ९५ टक्के शुद्ध ऑक्सिजन मिळतो.

गोम अशी की झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाण्याची ओढ कितीतरी जास्त. मशीन चालू असताना तोंडाशी साचलेला ओलावा प्रत्येक फेरीत बराचसा बाहेर फेकला जातो. मशीन बंद पडून राहिलं की तोच ओलावा हळूहळू आतल्या दाण्यांपर्यंत झिरपतो. पोकळ्या पाण्याने अडल्या की नायट्रोजनला जागा उरत नाही, तो सरळ रुग्णाच्या नळीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार शुद्धता ८२ टक्क्यांच्या वर हवी. आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, दाण्यांचं काय घेऊन बसलात?

मामाने विचारलंच, "मग उन्हात ठेवू का?" नाही. हे पाणी घालवायला तीनशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. दुसरी शंका वाडीतल्या एका पोराची: आपल्या काळ्या कातळातच झिओलाइट सापडतं, तेच भरलं तर? सापडतं हे खरं. दख्खनच्या बेसाल्टमधले स्टिलबाइट, ह्यूलँडाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते बघायलाही मिळतात. पण मशीनमधलं झिओलाइट कारखान्यात बनवतात, अनेकदा लिथियम घालून. लिथियम हे भारताच्या २०२३ च्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत आहे. तेव्हा खाणीतला दगड शोभेला ठीक.

आता मोठा हिशेब बघा. पीएम केअर्समधून देशभर १,२२४ ऑक्सिजन प्लांटना पैसे दिले गेले. तेही याच तत्त्वावर चालतात. गावोगावची छोटी मशीन वेगळीच. २७ डिसेंबर २०२२ ला देशभर रुग्णालयांत सराव तपासणी झाली. असा सराव चांगलाच. पण माझं म्हणणं एवढंच आहे की बटण दाबल्यावर यंत्र घरघरलं, एवढ्याने तपासणी झाली असं समजू नये. घरघर तर मामाचं मशीनही करत होतं. शुद्धता मोजणाऱ्या मीटरचा आकडा वहीत लिहिला गेला पाहिजे, आणि नळकांडी बदलायचा खर्च खरेदीच्याच दिवशी धरला पाहिजे. देणगीच्या फोटोत हा खर्च दिसत नाही, म्हणून तो कुणी धरतही नाही.

वाडीने वर्गणी काढून मशीनची नळकांडी बदलून घेतली. आता माहितीपुस्तिकेत सांगितलंय तसं मामा ते ठरावीक दिवसांनी चालवतो आणि दिवा हिरवा झाला की मला फोटो पाठवतो. पावसाळ्यात जरा जास्तच पाठवतो.