पहाटे पाचचा गजर

आमच्या घरात गेली पाच वर्षं पहाटे पाचचा गजर वाजतो. तो माझ्यासाठी नसतो, पण उठते मात्र मीच आधी. देगलूरच्या आक्काचा मुलगा बी.एस्सी.साठी माझ्याकडे हैदराबादला आला, तेव्हापासूनची ही रीत. उस्मानिया विद्यापीठाच्या बाजूला धावून यायचं, दूध-भाकरी खायची आणि कॉलेज गाठायचं. "मावशी, आपल्याला फौजेतच जायचंय," हे त्याचं ठरलेलं.

तो तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या सोसायटीतले निवृत्त कर्नलसाहेब जिन्यात भेटले. त्यांनी त्याला विचारलं, "बेटा, कशासाठी धावतोस? जवान व्हायला की अधिकारी व्हायला?" भाचा गप्पच राहिला. खरं सांगते, मलाही उत्तर देता आलं नसतं. आमच्याकडे फौज म्हणजे भरती, आणि भरती म्हणजे धावणं, एवढंच ठाऊक. पदवीच्या मुलाला अधिकारी होण्याची वेगळी वाट आहे, हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. या शहरात तर दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर आहेत. गोवळकोंड्याच्या तोफखाना केंद्रात जवान घडतात आणि त्रिमुलघेरीच्या ईएमई महाविद्यालयात अधिकारीही शिकतात. इतकी वर्षं दोन्हीवरून बसने जात होते, पण कधी विचार केला नाही.

कर्नलसाहेबांचा दुसरा प्रश्न होता, "एनसीसी केलीस का?" नव्हती केली. पहिल्या वर्षी कॉलेजच्या फळ्यावर सूचना लागली होती. त्याने घरी फोन केला, तेव्हा दाजी म्हणाले, "परेडच्या नादात अभ्यास बुडेल." मीही तेव्हा मान डोलावली होती.

त्या एका 'नाही'ची किंमत मला नंतर कळली. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत आणि पदवीला ५० टक्के गुण असले, तर लष्कराच्या एनसीसी विशेष प्रवेशासाठी अर्ज करता येतो. त्याला लेखी परीक्षाच नाही. अर्जांची छाननी होते आणि थेट एसएसबीच्या मुलाखतीचं बोलावणं येतं. पण 'सी' प्रमाणपत्र काही महिन्यांत मिळत नाही. त्यासाठी पहिल्या वर्षीच नाव नोंदवावं लागतं. कवायत, नकाशावाचन, नेमबाजी, शिबिरं, सगळं त्यात येतं आणि त्याला क्लासची फी नाही.

भाच्यासाठी ते दार बंद झालं होतं. उरली सीडीएस. केंद्रीय लोकसेवा आयोग ही परीक्षा वर्षातून दोनदा घेतो. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असे दोनच पेपर असतात. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीसाठी गणितही लागतं. मुलगा हुशार, लेखी पार पडला. मग आम्ही चूक केली. इथल्या एका क्लासने "एसएसबीची हमी" दिली आणि दाजींनी सोयाबीनचे आलेले पैसे तिथे भरले. क्लासने काय शिकवलं? चित्र दाखवलं की कोणती गोष्ट लिहायची, ते पाठ करून घेतलं!

एसएसबी पाच दिवसांची असते. पहिल्याच दिवशी चाळणी. बुद्धिमत्तेची चाचणी आणि एका धूसर चित्रावर गोष्ट लिहून गटात चर्चा. पुढे मानसशास्त्राच्या चाचण्या. त्यात ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, तेवढ्यात मनात येईल ते वाक्य लिहायचं. मग मैदानावरची गटकामं आणि मुलाखत. १५ सेकंदांत पाठांतर कुठे आठवणार? भाच्यासारखीच गोष्ट त्याच क्लासच्या आणखी दोघांनी लिहिली. पहिल्याच दिवशी दुपारी त्याचा बंगळूरूहून फोन आला, "मावशी, परत येतोय." दाजी त्या रात्री जेवले नाहीत, असं आक्का सांगत होती.

यानंतर कर्नलसाहेबांनीच नाशिकची माहिती दिली. नाशिक रोडला महाराष्ट्र सरकारचं छात्र पूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. सीडीएसची लेखी पार केलेल्या किंवा एनसीसीतून शिफारस झालेल्या महाराष्ट्रातल्या मुलामुलींना तिथे एसएसबीचं प्रशिक्षण मिळतं. राहणं, जेवण, शिकवणं सगळं मोफत. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची. म्हणजे जे नांदेडला फुकट विचारता आलं असतं, त्यासाठी आम्ही हैदराबादेत पैसे मोजले! पुन्हा लेखी देऊन भाचा तिथे गेला. या वेळी एसएसबीत पाचव्या दिवसापर्यंत टिकला, पण निवड झाली नाही. चेन्नईसाठीची पंचविशीची मर्यादा आता फार लांब नाही. गजर मात्र अजून वाजतो.

आणि आता तो दोघांसाठी वाजतो. कर्नलसाहेब भेटले त्याच वर्षी भाची पहिल्या वर्षाला आली. या वेळी फळ्यावरची सूचना वाचायला मी स्वतः कॉलेजात गेले. दाजी पुन्हा म्हणाले, "पोरीला परेड कशाला?" मी म्हटलं, "दाजी, एकदा तुमचं ऐकलं, आता माझं ऐका." चेन्नईच्या अकादमीत १९९२ पासून मुली अधिकारी होत आहेत. पुण्याच्या एनडीएतून तर मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. भाचीने तीन वर्षं केली, लष्करी तुकडीसोबतच्या शिबिरात राहून आली आणि 'सी' प्रमाणपत्र मिळवलं. अर्ज गेला आहे, बोलावण्याची वाट पाहतोय. निवड होईलच असं मी म्हणत नाही. पण भावाला जो लेखीचा डोंगर दोनदा चढावा लागला, तो तिच्या वाटेत नाही.

वाचकहो, देगलूर-उदगीरकडे राहा की बिदर-भालकीकडे, एनसीसी आणि सीडीएसचे नियम सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच आहेत. तुमच्या घरातलं पोर पहाटे धावत असेल तर त्याला कर्नलसाहेबांचा प्रश्न विचारा. आणि कॉलेजचं पहिलं वर्ष असेल तर आजच विचारा. तिसऱ्या वर्षी विचारून काय होतं, ते मी आमच्या घरात रोज पहाटे पाच वाजता बघते आहे.